काळ्या कुसळाचा गहू

आमचे संतरामतात्या देवळात जाताना चपला बाहेर ठेवत नाहीत. काढतात, पण पिशवीत घालतात, पिशवी काखेत मारतात आणि मग देवापुढं उभे राहतात. दोन्ही हात जोडले की काखेतली पिशवी घसरते, म्हणून ते नमस्कार एकाच हातानं करतात. पुसेगावात आता याचं कुणाला काही वाटत नाही. देवालाही सवय झाली असावी.

तात्या माझे सख्खे चुलते. संशय हा त्यांचा जन्माचा सोबती. खताचं पोतं विकत घेतलं की गाडी येईपर्यंत त्याच्यावर बसून राहणार. किराणा दुकानात तराजूकडं न बघता दुकानदाराच्या करंगळीकडं बघणार. मोबाइल आहे, पण दिवसभर बंद. का, तर 'ते ऐकून राहिले असतात.' ते म्हणजे कोण, असं विचारलं तर विचारणाऱ्याकडंच निरखून बघतात. माझं लग्न जमवायला गेलो तेव्हा सगळी मंडळी पोहे खात होती आणि तात्या मुलीकडच्या विहिरीत वाकून पाणी खरंच आहे का ते बघत होते. माझे सासरे अजून विचारतात, "तुमच्या तात्यांना पाणी दिसलं का हो?"

आम्ही हसतो. पण खरं सांगायचं तर मला या माणसाचा राग यायचा. संशयी माणसाच्या शेजारी नुसतं बसलं तरी आपल्या खिशात त्याचं काहीतरी आहे की काय असं वाटायला लागतं. सुट्टीत पुसेगावला गेलो की परत निघताना तात्या माझी पिशवी हातात घेऊन "जड हाय रे" म्हणायचे. त्यांना वजन सांगायचं नसायचं, आत काय आहे ते बघायचं असायचं.

आणि या सगळ्या संशयाच्या मधोमध होता तो गहू.

आमच्या घराण्यात आजोबांपासून एक गहू चालत आलेला. दाणा लांबट, मधाच्या रंगाचा, आणि ओंबीची कुसळं काळीभोर. शेतात उभा असला की लांबूनही ओळखू यावा. घरात त्याला काळकुसळ्या म्हणत. त्याची पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची आणि त्याच्या शेवयांसाठी पाहुणे उन्हाळ्यात वाट वाकडी करून यायचे. असा गहू आसपास कुणाकडं नव्हता, कारण तात्यांनी तो कुणाला दिलाच नाही. खायला देत. बियाला कधीच नाही.

बरं, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणावं. तात्यांची रीत वेगळी होती. कुणी बी मागायला आलं की ते हसून हो म्हणत, चहा पाजत, आणि त्याला ओसरीवर बसवून आत जात. आत चुलीवर मोठा तवा ठेवून गहू त्यावर हलकेच भाजत. रंग बदलायचा नाही, वास सुटायचा नाही, पण कोंब मरायचा. मग तेच पिशवीत घालून देत. बिचारा माणूस आशीर्वाद देत जायचा आणि महिन्याभरानं त्याचं वावर ओसाड पडलेलं असायचं. तात्या म्हणायचे, "पेरणी बराबर झाली नसंल."

गोरेगावचे जळबा असेच एकदा आले होते. साधा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्यांदा पेरायची ऐपत नव्हती आणि वेळही निघून गेली होती, त्यामुळं त्या साली त्यांचं ते वावर रिकामंच राहिलं. ते भांडायला आले नाहीत. फक्त पुढं आयुष्यभर गोरेगावहून पुसेगावला यायचं झालं तर आमच्या गल्लीतून गेले नाहीत. पण ही गोष्ट पसरायची ती पसरलीच. मग तात्यांकडं बी मागायला कुणी येईना. तात्यांना ते बरंच वाटलं.

गेल्या पावसाळ्यात एका बियाण्याच्या कंपनीचा पोरगा गावात फिरत होता. तात्यांच्या दारावर काळ्या कुसळांच्या ओंब्यांची जुडी टांगलेली असते. त्यानं तिचा फोटो काढला आणि "आजोबा, छान आहे" म्हणाला. झालं. तात्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मनकर्णाकाकू निंदायला गेली असताना त्यांनी कणगीतला सगळा गहू काढला, एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरला, झाकण मातीनं लिंपलं आणि ड्रम गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली दडवला. कणगीत राख असते, कडुनिंबाचा पाला असतो, गव्हाला वारा लागतो. ड्रममध्ये यातलं काही नव्हतं. त्यात हवा दमट, आणि गोठ्याची ती बाजू पावसात पाझरणारी.

दसऱ्यानंतर झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास आला. वरचा गहू काळा पडला होता, खालच्याची ढेप झाली होती. बैलांनीसुद्धा तोंड फिरवलं.

दारावरची जुडी होती, पण तिच्यातले दाणे उंदरांनी कधीच खाल्ले होते. नुसती कुसळं लोंबत होती. पेरणी तोंडावर आलेली आणि काळकुसळ्याचा एक दाणा घरात नाही. मागायचा तरी कुणाकडं? दुसऱ्या कुणाकडं तो असू नये याचा बंदोबस्त तात्यांनी स्वतःच आयुष्यभर केला होता.

हे सगळं मला काकूनं फोनवर सांगितलं. तात्यांनी तिला शपथ घातली होती, तरी सांगितलं. शेवटी म्हणाली, "सूर्या, तुमच्या तिकडं शेतीचं प्रदर्शन भरून राहिलं म्हणं. आमी येतो. तू त्यांला काही इचारू नको."

माझं घर हिंगोलीच्या बाहेर, कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. परवापरवापर्यंत तिथं हरभरा होता. आता प्लॉट पडलेत, दगड रोवलेत, मधूनमधून आमच्यासारख्यांची घरं उभी राहिलीत. राहिलेल्या मोकळ्या प्लॉटांवर यंदा प्रदर्शनाचा मांडव पडला. ज्या जमिनीवरची शेती उठवली, तिथंच लोकांना शेती कशी करावी ते शिकवत होते. मला यात काही वावगं दिसलं नव्हतं, तात्यांना जीपमधून उतरल्या उतरल्या दिसलं.

"ह्यांनी पेरायचं सोडून दगड लावले," ते म्हणाले. "आन् आता आमाला बोलावून राहिले. कायतरी इकायचं असंल."

काकू मागून उतरली. धुळीच्या प्रदर्शनाला येताना तिनं लग्नकार्यातलं जरीच्या काठाचं लुगडं नेसलं होतं. मी बघितलं. तात्यांनी बघितलं नाही, किंवा बघून त्यांना त्यात काही संशय घेण्यासारखं वाटलं नाही.

फाटकातच एक मुलगी चिठ्ठी भरून घेत होती. नाव, गाव, मोबाइल. सोडतीत फवारणीचा पंप मिळणार होता. तात्यांनी नाव सांगितलं भीमसिंग, गाव सांगितलं वाशीम. पुढं एका मांडवात फुकट चहा होता. "फुकट काहून पाजून राहिले?" म्हणून त्यांनी कप हुंगला आणि मला दिला. मी प्यालो, मग माझ्याकडं थोडा वेळ बघून त्यांनी दुसरा घेतला. मैदानावर औषध फवारणारं ड्रोन उडत होतं. सगळे वर बघत होते, तात्यांनी उपरणं डोक्यावरून पुढं ओढून तोंड झाकलं. "फोटो काढते ते," ते उपरण्यातून म्हणाले.

काकू मांडवातल्या खुर्चीवर बसली. "माझे पाय दुखून राहिले. तुमी व्हा पुढं."

आम्ही पुढं गेलो. तात्या ट्रॅक्टर बघत नव्हते, ठिबकच्या नळ्या बघत नव्हते. जिथं बियाणं मांडलं होतं तिथं थांबायचे. परडीतला गहू मुठीत घ्यायचे, तळव्यावर पसरायचे, एक दाणा दाताखाली धरायचे, आणि परत ठेवायचे. विकणारा बोलायला लागला की पुढं सरकायचे. त्यांना वाटत होतं मला काही माहीत नाही. म्हातारा माणूस प्रत्येक परडीत हात घालून पुढं जात होता आणि प्रत्येक वेळी त्याचा चेहरा थोडा आणखी उतरत होता. राग होता ना मला त्यांचा? पण त्या दिवशी मला ते बघवेना.

अगदी शेवटच्या रांगेत बचत गटाच्या बायांची दुकानं होती. पापड, लोणची, हळद. त्यातल्या एका टेबलावर गावरान बियाणं मांडलं होतं. भोपळ्याच्या बिया, वाल, लाल मुगाच्या पुरचुंड्या. आणि टेबलाच्या बांबूला एक जुडी बांधली होती. मधाच्या रंगाच्या ओंब्या, काळीभोर कुसळं.

तात्या थांबले. मग एक ओंबी चोळली, फुंकर मारली, दाणा तोंडात टाकला. डोळे मिटून चावला. डोळे उघडले तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तूच," ते म्हणाले. "सुट्टीत पिशवी भरून नेत व्हतास."

मला संताप आला. "तात्या, प्रत्येक वेळी तुम्हीच तर माझी पिशवी तपासून द्यायचात!"

"मग त्यो रामजी गडी. खळ्यावर तोच असतो. न्हाई तर त्यो फोटोवाला."

टेबलामागं एक बाई उभी होती. चाळिशीची, सावळी, डोक्यावर पदर. गळ्यात गटाचं ओळखपत्र, त्यावर नाव देवला आणि गाव गोरेगाव. ती तात्यांकडं बघत होती, पण ओळख दिसत नव्हती. तात्यांचं तोंड अजून अर्धं उपरण्यात होतं.

"हा गहू कुठून आणला?" तात्यांनी विचारलं.

"घरचा हाय, बाबा."

"कोणाच्या घरचा?"

"माझ्या. ईस-बावीस सालापासून करते मी."

"त्याच्या आधी कोणाचा व्हता?"

आता तिच्या कपाळावर आठी चढली. "काहून इचारून राहिले? तुमी कंपनीचे हाव का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तात्यांवर संशय घेत होतं, आणि तोही कंपनीचा माणूस म्हणून. दुसऱ्या वेळी मी पोट धरून हसलो असतो. "चोरीचा माल हाय ह्यो," तात्या ओरडले. "माझ्या बापाचा गहू हाय! मी तहसीलात जाईन. इथून हलू देणार न्हाई मी कोणाला."

शेजारच्या पापडवाल्या बाया गोळा झाल्या. कुणीतरी मोबाइल काढला. देवलानं ओंब्यांची जुडी सोडवून छातीशी धरली. "चोरी कोण म्हणतंय? मला ह्यो गहू ओटीत भेटला. सवाष्णीच्या ओटीतलं कोणी चोरलेलं असतं का?"

"कोणी भरली ओटी?"

"मी भरली," मागून आवाज आला.

मनकर्णाकाकू गर्दीतून पुढं येत होती. पाय दुखत असल्याचं काही दिसत नव्हतं. देवला टेबलाला वळसा घालून आली आणि वाकून तिच्या पाया पडली. "काकू! तुमी आलात?"

"तू इथं दुकान घेऊन बसणार हायेस हे गटाच्या बायांकडून कळलं व्हतं," काकू म्हणाली. "म्हणूनच आणलं ह्यांला."

तात्यांनी उपरणं खाली घेतलं. देवलाचं लक्ष आता त्यांच्या चेहऱ्याकडं गेलं, मग काकूकडं, आणि समोरचा म्हातारा म्हणजे काकूचा नवरा हे तिला उमगलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

काकूनं सगळं तिथंच सांगितलं, लोकांसमोर, एका दमात. जळबांचं वावर ओसाड पडलं त्याच साली संक्रांतीला देवला नवी नवरी म्हणून पुसेगावला तिच्या मावशीकडं आली होती. मावशीबरोबर आमच्या घरी हळदीकुंकवाला आली. ही जळबांची सून हे कळल्यावर काकू आत गेली. तात्या ओसरीवरच बसले होते, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवून. त्यांच्या डोळ्यांदेखत तिनं कणगीतला गहू सुपात घेतला आणि देवलाच्या ओटीत ओंजळीनं घातला. आमच्याकडं ओटी गव्हानंच भरतात. त्यात बघण्यासारखं काय असणार?

"कुंकू लावताना काकू माझ्या कानात म्हणल्या," देवला हळूच म्हणाली, "'हे दळू नको, पोरी.' मी दळला न्हाई. हळदीच्या वाफ्याच्या कडंनी टाकला. मग दरसाल थोडा थोडा वाढवला."

तात्या काकूकडं वळले. "तू?"

"मीच. साऱ्या जगावर नजर ठेवली तुमी. माझ्यावर काहून न्हाई ठेवली?"

"तू घरातली," ते म्हणाले.

"व्हय. अन् त्या तव्याखाली जाळ बी मीच घालत व्हते. माणूस वसरीवर चहा पिऊन राहिला अन् मी आत त्याचं बी मारून राहिले. मला पाप लागत न्हाई का?" काकूनं पदरानं नाक पुसलं आणि देवलाकडं वळली. "पोरी, लपवत न्हाई. ह्यांनी ड्रमात कोंडून सारा गहू नासवला. आमच्या घरात आता एक दाणा न्हाई. काही हक्क न्हाई आमचा, तरी आले."

तात्यांनी मान खाली घातली. त्यांना देवलाच्या उत्तराची भीती वाटत होती हे मला दिसत होतं, आणि खरं सांगतो, मलाही वाटत होती. त्या बाईनं नाही म्हटलं असतं तर आजोबांचा गहू आमच्या घरापुरता तिथंच संपला असता आणि तोंड वर करून कुणाला काही बोलायची सोय नव्हती.

देवलानं जुडी टेबलावर ठेवली. "सासरे मागल्या साली गेले," ती म्हणाली. "ह्याच गव्हाची पोळी खायचे. कोणाचा गहू हे त्यांला पहिल्याच सालापासून ठाऊक व्हतं. म्हणायचे, 'त्या बाईचं भलं व्हवो.'" तात्यांचं नाव तिनं घेतलं नाही. जळबांनीही घेतलं नसणार.

मग तिनं टेबलाखालून सूप काढलं, पिशवीतला गहू त्यात ओतला. एका बाईनं हळदीकुंकवाची डबी आणून दिली. देवलानं काकूला कुंकू लावलं. काकूनं जरीच्या काठाचा पदर पसरला आणि देवला ओंजळीनं गहू घालू लागली. ते लुगडं कशासाठी होतं ते मला आत्ता कळलं.

ओटी भरून झाली. सुपात अजून गहू होता. तात्या त्याच्याकडं बघत होते. मागायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. देवलानं ते टिपलं. "मी बी एवढ्यावरच सुरू केलं व्हतं," ती म्हणाली आणि सूप बाजूला ठेवलं.

इथं तात्यांनी शांत राहायला हवं होतं. पण माणूस सवयीपुढं काय करणार? त्यांचा हात आपोआप काकूच्या पदरात गेला, एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. सगळ्या बाया बघत होत्या. मला धरणी दुभंगावी असं झालं.

"कच्चा हाय, बाबा," देवला म्हणाली. "आमच्यात भाजून द्यायची रीत न्हाई."

तात्यांनी तो दाणा गिळला. परतीच्या जीपमध्ये काकू पदर कमरेला खोचून बसली होती आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून तात्या तिच्या बाजूला आडवा हात धरून बसले होते. निघण्याआधी माझ्या घरी टेकले होते, तिथंच चपलांची पिशवी विसरून तात्या अनवाणी गेले, हे मला संध्याकाळी कळलं.

मग त्यांनी विहिरीजवळच्या वाफ्यात ती ओटी पेरली. होळीनंतर एके सकाळी तात्या माझ्या दारात उभे. हातात एक गठुडं आणि त्यात कापडाच्या लहान लहान पुरचुंड्या. त्यातली एक त्यांनी माझ्या पुढं धरली.

"घराच्या मागं जागा हाय ना? कार्तिकात टाक. एकाच घरात ठेवून भागत न्हाई."

मी पुरचुंडी सोडली. मधाच्या रंगाचे दाणे. मी मुद्दाम काही केलं नाही, अगदी खरं सांगतो, पण एक दाणा माझ्या तोंडात गेला आणि मी तो चावून बघितला. वर बघितलं तर तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कच्चाच हाय," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चहाही न घेता ते पुढच्या घराकडं निघाले. मागून काकूचा फोन आला. ज्यांना ज्यांना कधी भाजून दिलं होतं त्यांच्याकडं ते जाऊन आले होते, सगळ्यात आधी गोरेगावला. दारात उभं करून प्रत्येकानं आधी पुरचुंडी सोडली, आणि दाणा चावून बघितला. तेवढा वेळ तात्या प्रत्येक दारात उभे राहिले.